धाकट्याचं ताट: शहपुऱ्यातला एक मंगळवार

पहाटे साडेपाच

घरात माणसं पाच आणि स्वयंपाक एक. धाकट्यासाठी आमच्याकडे वेगळं काही शिजत नाही. तो सव्वादोन वर्षांचा आहे, खाण्यात कमालीचा चोखंदळ आहे आणि सध्या त्याला बहुतेक पांढरंच चालतं: भात, दूध, केळं, पोळीचा आतला मऊ पदर. हिरवं काही दिसलं की तो ताट दूर लोटतो. तरीही वेगळं नाही. जे सगळ्यांचं तेच त्याचं. तिखट पडायच्या आधी त्याची वाटी तेवढी बाजूला निघते. वरण घोटलं की फोडणीआधी एक वाटी, भाजी शिजली की मसाल्याआधी एक वाटी. त्यावर अर्धा चमचा साजूक तूप. लहान पोटाला थोडक्या घासांत ताकद मिळायची तर हा अर्धा चमचा फार कामाचा.

यात वेळ वाचतो, गॅस वाचतो, पैसा वाचतो. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. ज्याला रोज निराळं ताट मिळतं, त्या मुलाला इतरांच्या ताटातलं आपलं नाही असंच वाटत राहतं. मग एक दिवस त्याला मोठ्यांच्या पंगतीत बसवून ‘खा आता भाजी’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मी अंगणवाडी कार्यकर्ती आहे. माहेर बालाघाटचं, सासर जबलपूर जिल्ह्यातल्या शहपुऱ्याचं. दोन्हीकडे घरात मराठी, आणि इथे उंबरठा ओलांडला की बुंदेली वळणाची हिंदी. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८७० साली जबलपूरपर्यंत जोडली गेली, आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. त्या काळात रेल्वेच्या, कचेरीच्या, शाळेच्या नोकरीनं कितीतरी मराठी घरं इकडे आली आणि इथलीच झाली. आमचे आजेसासरे त्यांतलेच. पत्ता सांगताना आम्ही शहपुरा-भिटौनी असं जोडून सांगतो, कारण शेजारच्या डिंडोरी जिल्ह्यात दुसरं शहपुरा आहे. आमच्या स्वयंपाकातही दोन्ही मुलूख नांदतात: एका दिवशी वरणफळं, दुसऱ्या दिवशी गक्कड, म्हणजे निखाऱ्यांवरची बाटी, आणि भट्याचं भरीत. वांग्याला इकडे भटाच म्हणतात. तूरडाळ गाडरवाऱ्याची, गूळ करेलीचा, दोन्ही गावं लगतच्या नरसिंहपूर जिल्ह्यातली. मटार मात्र आमच्याच शिवारातला.

सकाळी सात

धाकटा उठतो तो दूध मागत. दूध पेल्यातून देतो, बाटलीतून नाही, आणि सकाळी फक्त अर्धा पेला. यावरून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून थोड्या नाराज असतात. “अगं, दूध तरी पोटभर पिऊ दे. खात तर नाहीच काही.”

सगळी गाठ त्याच वाक्यात आहे. खात नाही म्हणून दूध, आणि दुधानं पोट भरलं म्हणून खात नाही. या वयाच्या मुलाला दिवसाकाठी अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की अन्नाला जागा राहत नाही. दुधात लोह नगण्य असतं, आणि जे अन्नातून यायचं तेही मग येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत मध्य प्रदेशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ७२.७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. हा आकडा मी पहिल्यांदा प्रशिक्षणात ऐकला तेव्हा मनातल्या मनात माझ्या केंद्राच्या पटावरून नजर फिरवली होती. फिकट तळवे, फिकट ओठ, लवकर दमणारी मुलं. त्यांतली पुष्कळशी ‘दूध छान पितो’ अशी ख्याती असलेली.

आईंशी मी वाद घालत नाही. उरलेलं दूध दुपारच्या दह्यात आणि रात्रीच्या पेल्यात जाताना त्यांना दिसतं, तेवढ्यानं त्यांचं समाधान होतं. दुधात घालायची चॉकलेटी पूड मात्र घरात नाही. अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, असं केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानदारांना कळवलं होतं. त्या डब्याच्या पैशात दोन-तीन आठवड्यांची अंडी येतात.

आणि अंड्याचा हिशेब प्रत्येक आईनं एकदा मांडून पाहावा. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण बारा ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा ग्रॅम. झाले की बारा! वरण, दाणे, मटार, पोळी हे सगळं वरचं. ‘प्रोटीन कमी पडतंय’ या भीतीनं महागडे डबे घेणाऱ्या घरांना मी हेच बोटांवर मोजून दाखवते. आई स्वतः अंड्याला शिवत नाहीत, म्हणून अंड्याची लहान कढई वेगळी आहे, ती त्यांनी स्वतःच बाजारातून आणली.

साडेआठ

आजचा नाश्ता मटारची धिरडी. रात्री भिजवलेली वाटीभर मुगाची डाळ, अर्धी वाटी ताजे मटारदाणे, चिमूटभर ओवा, आल्याचा तुकडा, मीठ, सगळं एकत्र वाटायचं. पीठ फार पातळ नको. तव्यावर तळहाताएवढी घालायची आणि झाकण ठेवायचं म्हणजे आतून शिजतात. धाकट्यासाठी मी ती रुपयाएवढी घालते. मोठ्यांच्या पिठात नंतर हिरवी मिरची. पाच जणांचा नाश्ता बाहेरच्या दोन समोशांच्या पैशात होतो, आणि मटार घरचे असतील तर त्याहूनही कमी.

रंग हिरवा, म्हणजे धाकट्याच्या दृष्टीनं संकट. म्हणून त्याच्या ताटलीत तीन गोष्टी असतात: केळ्याचे काप, पोळीचा तुकडा आणि कडेला एकच हिरवं धिरडं. ओळखीच्या दोन गोष्टी असल्या की तिसऱ्या अनोळखी गोष्टीची दहशत उरत नाही. आज त्यानं ते उचललं, उलटं केलं, नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं. पहिल्यांदा आलं तेव्हा ते फेकलं होतं. पुढे कधीतरी बोटानं दाबून पाहिलं. आज वास घेतला. ही प्रगतीच आहे आणि मी ती मनापासून प्रगती मानते.

नवं अन्न नाकारणं हा हट्ट नव्हे, तो या वयाचा स्वभाव आहे. चालायला लागलेलं मूल आईच्या नजरेआड जातं आणि दिसेल ते तोंडात घालू शकतं. अशा काळात अनोळखी चवीबद्दल संशय येणं त्याच्या जिवाच्या रक्षणाचंच असावं. अमेरिकेतल्या लीअन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या आसपास लहान मुलांवर जे प्रयोग केले, त्यांतून एक गोष्ट पक्की झाली: तीच चव पुन्हा पुन्हा, जबरदस्ती न करता, आठ-दहा-पंधरा वेळा समोर आली की बहुतेक मुलं ती स्वीकारतात. आपण मात्र दोन-तीनदा ठेवतो आणि ‘याला मटार आवडत नाही’ असा शेरा मारून मोकळे होतो. तो शेरा मूलही ऐकत असतं. आमच्या घरात ‘आवडत नाही’ हा शब्द त्याच्यासमोर उच्चारायचा नाही, ‘अजून खाल्लं नाही’ म्हणायचं, असं मी मोठ्या लेकीलासुद्धा सांगून ठेवलंय. ती चौथीत आहे आणि हा नियम आमच्यापेक्षा कडकपणे पाळते.

सव्वानऊ

केंद्र घरापासून जवळच. पण या दिवसांत वाटेत थांबावंच लागतं, कारण रस्ता मटारच्या गाड्यांनी भरलेला असतो. शहपुरा, पाटण, सिहोरा हा सगळा पट्टा मटारचा. जबलपूर जिल्ह्याचं ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ म्हणून हिरवा मटारच निवडला गेलाय. सहजपूरच्या मंडीत पोती उतरतात आणि तिथून ट्रक दूरदूरच्या शहरांकडे जातात. हंगाम ऐन भरात आला की भाव असे घसरतात की पिकवणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. त्याच दिवसांत याच गावातली मुलं पाच रुपयांच्या पुडीतलं तळलेलं पीठ खात असतात. ही गोष्ट मला आतून फार लागते. शंभर ग्रॅम ताज्या दाण्यांत पाच ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं, भरपूर चोथा, आणि लोह अंगी लागायला मदत करणारं क जीवनसत्त्व. एवढं सगळं दाराशी पोत्यानं उतरतंय.

हंगामात आम्ही दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून, लगेच गार पाण्यात काढून, निथळून पिशव्या भरून फ्रीझरमध्ये ठेवतो. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्या बायका उन्हात वाळवतात. वाळलेला मटार पावसाळ्यात रात्री भिजत घालून शिजवला तर उसळ उत्तम होते.

दहा ते बारा

केंद्रातली तीन ते सहा वर्षांची मुलं ओळीनं बसतात. बचतगटाच्या बायकांचा सांझा चूल्हा नाश्ता आणि जेवण पाठवतो. सहायिका वाढते, मी मुलांबरोबर खाली बसते. घरी ‘कछू नईं खात’ अशी तक्रार असलेला मुलगा इथे शेजारच्याकडे बघत बघत डाळ-पोळी संपवतो, हे मी रोज पाहते. बर्चबाईंनी याचाही प्रयोग १९८० साली प्रसिद्ध केला होता: ज्या भाजीला मूल नाक मुरडतं, ती आवडीनं खाणाऱ्या मुलांमध्ये त्याला काही दिवस जेवायला बसवलं, तर त्याची निवड बदलते. आपल्याकडे पंगतीनं हे काम कितीतरी पिढ्या केलंय.

आपल्या देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ गटांत सुरू झाली. पण अंगणात मुलं जमवून त्यांना शिकवायचं, स्वच्छ ठेवायचं, ही वाट ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला घालून दिली होती. मध्य प्रदेशातल्या एका खोलीत बसून हिंदीत गाणी शिकवणारी मी त्या मराठी बायकांच्या कामाची वारस आहे, याचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

साडेबारा

मंगळवारी तीन वर्षांखालच्या मुलांच्या आया घरी न्यायचा कोरडा आहार घ्यायला येतात, म्हणून आजची दुपार गजबजलेली. वजनकाटा, उंचीची पट्टी, दंडाचा घेर मोजायची रंगीत फीत हे सगळं बाहेर येतं.

एक आई दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. “दीदी, मोड़ा कछू नईं खात.” मुलाच्या मुठीत बिस्किटाची पुडी. मी आधी वजन घेतलं. गेल्या महिन्यापेक्षा थोडं वाढलेलं. फीत दंडाला लावली, हिरव्या पट्ट्यात. १२.५ सेंटिमीटरच्या खाली पिवळा पट्टा, ११.५ च्या खाली लाल; लाल आला की मी बोलण्यात वेळ घालवत नाही, सरळ आरोग्य केंद्रात आणि गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवते. तिच्या मुलाचं तसं काही नव्हतं. डोळे टपोरे, पाय स्थिर, खोडकर.

मग मी तिला वाढीचं गणित सांगितलं. जन्माला आलेलं तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोच्या आसपास जातं, म्हणजे तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग असा उतरतो तेव्हा भूकही उतरते. आईला वाटतं मूल खायचं बंद झालं. मूल फक्त गरजेपुरतं खात असतं. हे ऐकल्यावर तिचा चेहरा सैल झाला. कितीतरी घरांत रोजची रडारड केवळ हे माहीत नसल्यामुळे होते.

पण खरं दुखणं आणि निवडखोरपणा यांत फरक करायलाच हवा. दोन-तीन महिने वजन जागचं हलत नसेल, घास गिळताना मूल सारखं ठसकत असेल, घट्ट पदार्थ तोंडात गेला की दर वेळी उमासा येत असेल, खात असलेले पदार्थ एकेक करून कमी होत होत चार-पाचावर आले असतील, किंवा माती-खडू खात असेल, तर घरगुती युक्त्या पुरत नाहीत, डॉक्टरला दाखवावं.

बिस्किटांबद्दल मी तिला रागावले नाही. तिनं विचारलं, “फिर का देवें?” मी तिच्याच हिशेबानं मांडलं. रोज दहा रुपयांची बिस्किटं आणि पुड्या म्हणजे महिन्याला तीनशे रुपये. तेवढ्यात चाळीसेक अंडी येतात. अंडी चालत नसतील तर रोज एक केळं आणि वर महिन्याचे शेंगदाणे-फुटाणे. फुटाणे आणि दाणे अख्खे द्यायचे नाहीत, पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात; पूड करायची. त्या पुडीत करेलीचा गूळ किसून थोडं तूप घातलं की लाडू वळतात: वाटीभर भाजलेले दाणे, अर्धी वाटी फुटाणे, अर्धी वाटी गूळ. चूल नको, भांडं नको, आठवडाभर टिकतात.

आणि केंद्रातून मिळतं ते पाकीट. पुष्कळ घरांत ते सगळ्यांत वाटलं जातं किंवा चव नाही म्हणून गाईला जातं. सरकारी निकषाप्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं एवढा पूरक आहार मिळायला हवा. ते मुलाच्या हक्काचं आहे. मी तिथेच स्टोव्हवर मुठीभर मिश्रण कोमट पाण्यात शिजवून, त्यात अर्धं केळं कुस्करून दाखवलं. मुलानं बोट बुडवलं आणि चाटलं. आईनं लगेच चमचा भरून तोंडाशी नेला, तर त्यानं मान फिरवली. मी चमचा खाली ठेवायला लावला आणि वाटी त्याच्या हाताशी सरकवली. दुसऱ्यांदा त्यानं आपणहून बोट बुडवलं.

तिला मी एकच काम दिलं: आज रात्रीचं जेवण त्याला घरच्यांबरोबर, आणि त्याच्या दोन तास आधी पुडी नाही, दूध नाही. पाणी चालेल. जमलं नाही तर फोन कर म्हटलं.

दुपारी दीड

जेवायला मी घरी येते. भात, वरण, भट्याचं भरीत, काकडी, दही. आई, मी, धाकटा, तिघंही जमिनीवर गोल. मोबाइल बाहेरच्या खोलीत. कार्टून दाखवून भरवलेलं मूल जेवतं खरं, पण त्याला आपण काय खातोय आणि पोट कधी भरलं हे कळत नाही. ती जाणीवच गेली तर पुढे फार अवघड होतं.

एलन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक वाटणी सांगितली आहे, ती मला सगळ्यांत उपयोगी वाटते: काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं. दोघांनी एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही. ऐकायला सोपं, करायला कठीण, कारण आपल्याकडे ताटात उरलेला घास हा आईचा पराभव समजला जातो.

त्याहून जुना प्रयोग अमेरिकेतल्याच क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंचा. नुकतं अंगावरचं सुटलेल्या १५ मुलांसमोर त्यांनी ३४ साध्या, सकस पदार्थांतून निवड ठेवली आणि भरवणाऱ्यांना आग्रह करायची बंदी केली. १९३९ साली त्यांनी निष्कर्ष मांडले: प्रत्येक मुलाची निवड वेगळी, कधी कधी चमत्कारिक, पण सगळी नीट वाढली. लोक या प्रयोगातून ‘मुलाला हवं ते खाऊ द्या’ एवढंच घेतात. त्यातली खरी गोम वेगळी आहे, ती डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितली होती: समोर ठेवलेल्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, पुड्या नव्हत्या. यादी मोठ्यांची होती, निवड मुलांची.

आई काऊ-चिऊचे घास भरवतात. मी त्यांना थांबवत नाही. त्या घासांत नातवाशी बोलणं आहे, माया आहे, आणि भुकेलं मूल त्या बोलण्यात रमून दोन घास जास्त खातं हेही खरं. फक्त तिसऱ्यांदा मान फिरली की काऊ-चिऊ उडून गेले, एवढं आमच्यात ठरलंय. आज धाकट्यानं वरण-भात अर्धी वाटी खाल्ला, दही चाटलं, भरिताकडे पाहिलंही नाही. वीस मिनिटांनी ताट उचललं. कौतुक नाही, नाराजी नाही, ‘भरीत खाल्लंस तर गोळी देईन’ असा सौदा तर मुळीच नाही. सौद्यात गोळी बक्षीस ठरते आणि भरीत शिक्षा.

तीन ते साडेचार

गृहभेटी. एका घरी सहा महिन्यांच्या बाळाचा वरचा आहार सुरू करायचा होता, एका घरी गरोदर सुनेची नोंद. सव्वाचारला घरी परतले तेव्हा धाकट्याची खाऊची वेळ झाली होती: एक दाण्याचा लाडू आणि पिकलेल्या बिहीच्या, म्हणजे पेरूच्या, बिया काढलेल्या मऊ फोडी. आईंचा चहा होतो तेव्हा तो बशी मागतो. त्याला मिळत नाही. चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. बशीत कोमट पाणी मिळतं आणि त्यावर तो खूश असतो.

खाऊ आणि रात्रीचं जेवण यांत तीन तास काही नाही. दिवसाला तीन जेवणं आणि दोन खाऊ, मधल्या वेळी फक्त पाणी. चोखंदळ मुलाच्या सगळ्या उपायांत मला हा एकच उपाय असा दिसतो की ज्याला एक पैसा लागत नाही आणि जो बहुतेक घरांत उपयोगी पडतो. दिवसभर थोडं थोडं चरणाऱ्या मुलाला खरी भूक कशी असते हेच माहीत नसतं. मोठ्या एकत्र घरांत तर काका चॉकलेट देतो, शेजारीण चकली देते, दुकानदार गोळी हातावर ठेवतो, आणि रात्री आईला विचारतात, हा जेवत का नाही.

सहा वाजता

आई अंगणात मटार सोलायला बसल्या. धाकटा समोर. त्याला शेंगा मोडता येत नाहीत म्हणून आई शेंग अर्धी उघडून देतात आणि तो आतले दाणे अंगठ्यानं ढकलतो. दाणे वाटीत, जमिनीवर, आईंच्या पदरात. मध्येच एक दाणा तोंडात गेला. मी पुढे झाले ते फक्त दाणा दोन बोटांत चेपून द्यायला. अख्खा गोल दाणा धावत-हसत खाणाऱ्या मुलाला देऊ नये. चेपलेला दुसरा गेला. मग तिसरा. सकाळचं हिरवं धिरडं तोंडात न घालणारा मुलगा कच्चा, गोड, ताजा मटार खात होता. आई माझ्याकडे बघत होत्या. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. टाळ्या वाजवल्या असत्या तर तो थांबला असता.

ज्या अन्नाला मुलाचा हात लागतो, ते त्याच्या तोंडापर्यंत लवकर पोचतं, हा माझा केंद्रातलाही अनुभव आहे. शहरातल्या आयांना मी हेच सांगेन की पालक निवडायला बसवा, पीठ मळताना गोळा द्या, टोमॅटो धुवायला द्या. सांडेल, सांडू द्या.

साडेसात

हे जबलपूरहून आले की सगळे एकत्र जेवतो. आज कुटकीची खिचडी. कोदो आणि कुटकी ही डिंडोरी-मंडल्याकडची भरडधान्यं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून शहरांत त्यांचे भाव चढलेत, पण आमच्या आठवडी बाजारात अजून परवडतात. नसेल तेव्हा गव्हाचा दलिया, तोही तितकाच चांगला. दोन भाग कुटकी, एक भाग मुगाची डाळ, मूठभर मटार, गाजराचा कीस, हळद, कुकरच्या तीन शिट्ट्या. धाकट्याच्या वाटीत घोटून तूप आणि चार थेंब लिंबू, लोह लागू पडावं म्हणून.

त्याचे बाबा भट्याचं दुपारचं भरीत खिचडीबरोबर खात होते, चवीनं, बोटं चाटत. धाकटा बघत राहिला. बाप काय खातो याकडे मुलं किती बारकाईनं बघतात! ज्या घरात बाप भाजी बाजूला सारतो, तिथे आईनं कितीही केलं तरी मुलगा भाजी खाताना मी फार कमी पाहिलाय. आज त्यानं खिचडीचे चार-पाच घास खाल्ले आणि उठला. बस. साडेआठला अर्धा पेला दूध आहे, ते रोजच असतं, जेवण कमी झालं म्हणून मिळणारं ते नव्हे.

रात्री नऊ

धाकटा झोपला. मोठी लेक गृहपाठ करतेय. मी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर आजची वजनं तपासत होते, तेवढ्यात दुपारच्या त्या आईचा फोन आला. पाच वाजल्यापासून पुडी दिली नव्हती. मुलगा थोडा रडला. सासऱ्यांनी खिशातून गोळी काढली होती, ती तिनं मागून घेतली. मग सगळ्यांबरोबर बसला, डाळीत बुडवलेली अर्धी पोळी स्वतःच्या हातानं खाल्ली, भटा थुंकला. आता झोपायच्या आधी बिस्किटं देऊ का, अर्ध्या पोळीनं काय होतंय, असं ती विचारत होती.

मी म्हटलं, बिस्किटं नको. झोपायच्या आधी मागितलंच तर पाव पेला दूध दे. सकाळी सातला उठला की लगेच काही हातात देऊ नकोस. आठला दलिया कर, त्याचं पाकीट तुझ्याकडे आहेच, आणि उद्याही ताटाच्या कडेला भट्याची एक फोड ठेव. तो थुंकेल. तरी परवाही ठेव.